वायर कुणी तुडवली?

(नगरला कलापथकाच्या शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच छापायला दिलं आहे.)



माझ्या हातात ही जी काळी वायर आहे ती तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ओढलेली आहे. जयंतीच्या ट्रकवर ओढली असेल, तमाशाच्या तंबूत ओढली असेल, नाहीतर माउली सभागृहात एकांकिकेच्या आदल्या रात्री विंगेतून बोर्डापर्यंत टाकली असेल. हिला कुणी कंट्रोल वायर म्हणतं, कुणी डीएमएक्स म्हणतं, कुणी नुसतंच 'ती तीन पिनवाली'. मी आज हिच्यावरच बोलणार आहे. मला खरं तर कविता वाचायला बोलावलंय. कविता रात्री जेवण झाल्यावर वाचू.

माझं गाव पाथर्डी तालुक्यात. शिक्षण दहावी. सध्या न्हावाशेवाच्या बंदरात लॅशिंगच्या गँगमध्ये आहे. म्हणजे जहाजावर कंटेनर एकावर एक चढवले की ते लोखंडी सळ्यांनी आवळून बांधायचे, आणि जहाज धक्क्याला लागलं की सोडायचे. आपल्या जिल्ह्याचं नाव २०२४ साली कागदावर अहिल्यानगर झालं. आमच्या घरात अजून 'नगरला जाऊन येतो' असंच म्हणतात, म्हणून मीही नगर म्हणणार. लाईटचं काम मी सुट्टीच्या रात्री एका लाईटवाल्याकडं बदली जाऊन शिकलो. पथकाला दर प्रयोगाला भाड्याच्या लाईटवाल्यापुढं मान खाली घालावी लागायची, ते बघवत नव्हतं म्हणून शिकलो.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट सांगतो. तालुक्याच्या गावी आपला प्रयोग होता. उघडं मैदान, लोखंडी ट्रस, मागं जनरेटर. लाईट भाड्याचे. बारा एलईडी पार आणि चार मूव्हिंग हेड. तिसऱ्या प्रवेशात आई विहिरीच्या काठाशी येते. बाकी सगळा अंधार आणि तिच्यावर निळा उजेड, एवढंच हवं होतं. निळा आला. थरथरला. आणि पाच नंबरच्या पारपासून पुढचे सगळे पिसाळले. लाल, हिरवा, पांढरा, काय वाट्टेल ते. एक मूव्हिंग हेड मान वळवून थेट पब्लिकच्या डोळ्यांत. लोक हसले. आईचं काम करणारी आपली पोरगी दिवसा कापडाच्या दुकानात उभी असते. त्या दंग्यात तिनं संवाद सोडला नाही, शेवटच्या शब्दापर्यंत बोलली. मी बोर्डावर होतो. फेडर वर करतोय, खाली करतोय, लाईट ऐकतच नाहीत. हात गार पडले.

प्रयोग संपल्यावर लाईटवाल्यानं वायर टाकणाऱ्या पोराला सगळ्यांदेखत धरलं. "तूच तुडवली वायर. कळत नाय का रं तुला?" पोराचं वय अठरा. दोन दिवसांची मजुरी कापली, हजार रुपये. पोरगं गप्प. मला वाटलं भितंय. नंतर बाजूला घेऊन विचारलं तर म्हणालं, "दादा, तुडवली बी आसंल माझ्याकडून. अंधार व्हता."

मला मजुरी कापल्याचा राग आला त्याहून जास्त याचा आला. त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं की चूक त्याची आहे की नाही. म्हणून कुणीही त्याच्या अंगावर टाकावी आणि त्यानं ती घ्यावी.

हे नवीन नाही. गावात वीज नव्हती तेव्हा जलसा काय, तमाशा काय, टेंभ्याच्या उजेडात व्हायचा, मग गॅसबत्ती आली. लग्नाच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालणारी माणसं आपल्या आज्या-आजोबांनी पाहिली आहेत, काहींनी ती वाहिली पण आहे. नवरा-नवरीचा फोटो निघायचा. बत्तीवाला फोटोच्या बाहेर. बत्ती भडकली की शिवी मात्र त्याला. तोरडमल, अमरापूरकर ही नावं नगरमध्ये कुणीही सांगेल. त्यांच्या नाटकांना स्पॉट कुणी मारला ते विचारून बघा.

असो. वायरीकडं येऊ.

ही वायर उजेड नेत नाही, हे आधी डोक्यात घाला. लाईट पेटवायची वीज दुसऱ्या, जाड वायरीतून जाते. ही फक्त हुकूम नेते. पूर्वी एका डिमरला एक तार असायची, तिच्यावर शून्य ते दहा व्होल्ट. शून्य म्हणजे बंद, दहा म्हणजे पूर्ण. चोवीस डिमर म्हणजे चोवीस तारा आणि वर एक कॉमन. मनगटाएवढा गठ्ठा. शिवाय प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी, याचा बोर्ड त्याच्या डिमरला चालायचा नाही. १९८६ साली अमेरिकेतल्या रंगमंच-तंत्रज्ञांच्या संस्थेनं, यूएसआयटीटीनं, सगळ्या कंपन्यांसाठी एक भाषा ठरवली. तिचं नाव डीएमएक्स पाचशे बारा. १९९० मध्ये ती सुधारली, २००४ मध्ये तिचं रीतसर अमेरिकन मानक झालं. आज मुंबईच्या नाट्यगृहात जी भाषा चालते तीच जयंतीच्या ट्रकवरच्या शार्पीला कळते.

ती भाषा कशी? बंदरावर सकाळी मुकादम हजेरी घेतो तशी. एक नंबरपासून सुरुवात, पाचशे बारापर्यंत ओळीनं. प्रत्येक नंबरापुढं एक आकडा, शून्य ते दोनशे पंचावन्न. सगळी यादी सगळ्यांना ऐकू जाते, पण ज्याचा नंबर त्यानंच आपला आकडा उचलायचा. अशी पूर्ण यादी सेकंदाला सुमारे चव्वेचाळीस वेळा वाचली जाते. फरक एकच. आपण हजेरीला 'हजर' म्हणतो, लाईट म्हणत नाही. बोर्ड नुसता सांगत सुटतो. लाईटनं ऐकलं की नाही, चुकीचं ऐकलं की काय, हे बोर्डाला कळायची सोय त्या भाषेत नाही. २००६ साली आरडीएम नावाची जोड आली, तिच्यात लाईट उलट बोलू शकतो, पण आपल्याला भाड्यानं मिळतात त्या स्वस्त पारमध्ये ती बहुतेक नसतेच. तेव्हा बोर्डावर सगळं ठीक दिसतंय म्हणून लाईटवाला तुम्हाला शिवी देत असेल तर लक्षात ठेवा, बोर्डाला काहीच ठाऊक नसतं.

नंबर देताना होणारी चूक सगळ्यात जास्त आढळते आणि ती वायरीच्या नावावर खपते. समजा पार सात चॅनेलचा आहे. पहिल्याला पत्ता १, दुसऱ्याला ८, तिसऱ्याला १५, चौथ्याला २२. यातला एखादा पार कुणी चार चॅनेलच्या मोडवर ठेवला की तो लालच्या जागी भलतंच काही उचलणार. रंग चुकतोय पण स्थिर आहे, थरथर नाही, तर वायर सोडा आणि त्या पारच्या मागचा पत्ता आणि मोड बघा. जुन्या लाईटला आकड्याच्या जागी बारीक बटनांची पट्टी असते. पहिलं बटन १, मग २, ४, ८, १६, असं दुप्पट-दुप्पट. २२ हवे तर १६ आणि ४ आणि २, म्हणजे पाचवं, तिसरं आणि दुसरं बटन वर. मोळ्यांचा हिशेब तोंडी करणाऱ्या आयांची पोरं आहात तुम्ही, हे एका संध्याकाळचं काम आहे.

आता पिन. मानकाप्रमाणे कनेक्टर पाच पिनचा. आपल्याकडं तीन पिनचा चालतो कारण स्वस्त पडतो. दोन्हीत काम तीनच पिन करतात. एक नंबर म्हणजे जाळी, शिल्ड. दोन नंबर उणे, तीन नंबर अधिक. चार आणि पाच सहसा रिकामेच. हुकूम दोन आणि तीन या जोडीवरून जातो, आणि ही जोडी कशी चालते ते मला कुठल्याही पुस्तकापेक्षा बंदरानं लवकर शिकवलं.

दोन हमाल खांद्यावर बांबू घेऊन चाललेत, मध्ये ओझं. रस्त्यात खड्डा आला, दोघंही खाली गेले. उंचवटा आला, दोघंही वर. पण बांबूचा कल तोच राहिला. लाईट फक्त कल बघतो. दोन वर आणि तीन खाली, का तीन वर आणि दोन खाली, एवढंच. जनरेटरचा, डिमरचा, मोटारीचा जो गोंगाट वायरीत शिरतो तो दोन्ही तारांवर सारखाच पडतो, दोघं एकदमच हलतात, कल बदलत नाही. म्हणून तर या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन बसवलेल्या असतात, गोंगाट दोघींवर सारखा पडावा म्हणून. आणि यातल्या एका हमालानं खांदा काढला तर? ओझं लगेच पडत नाही. थोडा वेळ एकटाच ओढत नेतो. लाईट चालतोय, थरथरतोय, मध्येच नीट होतोय. वायर पूर्ण तुटली तर शोधायला सोपी. एका पिनची तार सुटली की डोकं फिरवते. त्या रात्री आपलं तेच झालं होतं.

दुसरी गोष्ट टर्मिनेटर. लांब दोर एका टोकाला खुंट्याला घट्ट बांधा आणि या टोकाला झटका द्या. लाट जाते, खुंट्यावर आपटते आणि परत येते. तुमच्या दुसऱ्या झटक्यात ती परत आलेली लाट मिसळते. वायरीत तेच होतं. हुकूम शेवटच्या लाईटपर्यंत जातो, पुढं वाट नाही, उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्या हुकमात घुसतो. यावर औषध म्हणजे १२० ओहमचा एक रेझिस्टर. मेल प्लगच्या आत दोन आणि तीनच्या मध्ये जोडायचा आणि साखळीतल्या शेवटच्या लाईटच्या आउटमध्ये खुपसायचा. लाट तिथं जिरते. रेझिस्टर एक-दोन रुपयांना मिळतो, महाग काय तो प्लग. तरी मी बदलीवर गेलो त्या दहा ठिकाणांपैकी आठ ठिकाणी तो नव्हता. विचारलं तर उत्तर, 'आपलं चालतं त्याच्याशिवाय.' चालतं, हो. चार लाईट आणि वीस मीटर वायर असली तर चालतं. सोळा लाईट आणि शंभर मीटर झाली की प्रयोगाच्या मध्यात चालेनासं होतं.

१२० का? कारण डीएमएक्सची वायर स्वतः १२० ओहमच्या घडणीची असते. घडणीची म्हणतोय, मीटर लावून हा १२० दिसणार नाही, तो वेगात जाणाऱ्या लाटेला जाणवतो. आणि इथंच माईकची वायर घात करते. दिसायला डिट्टो. तेच तीन पिन, तोच काळा रंग. आपल्याकडं साऊंड आणि लाईट एकाच दुकानातून येतात, एकाच पेटीत पडतात. पण माईकच्या वायरीची घडण आवाजासाठी असते. डीएमएक्स सेकंदाला अडीच लाख टिचक्या मारतं, माईकच्या लांब वायरीत त्या टिचक्यांच्या कडा बोथट होतात आणि लाईटला एक कुठं संपला, शून्य कुठं सुरू झालं ते कळत नाही. गंमत म्हणजे दहा मीटरला माईकची वायरही चालते, म्हणून तर लोक फसतात. आज रात्रीच आपल्या पेटीतल्या सगळ्या डीएमएक्स वायरींना दोन्ही टोकांना पिवळी टेप लावा. उलटंही सांभाळा. लाईटची वायर साऊंडच्या मिक्सरमध्ये खुपसू नका. तिथं माईकसाठी अठ्ठेचाळीस व्होल्ट सोडलेले असू शकतात, तुमच्या लाईटच्या आतली चिप जाईल. त्याचेही पैसे तुमच्याकडूनच कापतील.

आणि साखळी म्हणजे साखळी. बोर्डातून पहिल्यात, पहिल्यातून दुसऱ्यात. मध्येच वायर सोलून दोन फाटे फोडायचे नाहीत. वाय-जोड लावला की दोन्ही फाट्यांवरून लाटा परत येतात. फाटे हवेतच तर स्प्लिटर लावावा लागतो, आणि तो ऑप्टो असलेला बरा, म्हणजे आत दोन बाजू एकमेकींना विजेनं जोडलेल्या नसतात, उजेडानं जोडलेल्या असतात. एका ओळीवर बत्तीसपेक्षा जास्त लाईट नकोत. लांबी तीनशे मीटरच्या आत ठेवा.

आता त्या रात्रीकडं परत. एक वाजला होता. थंडी मरणाची. लाईटवाल्याला म्हटलं, "शेठ, उतरवायच्या आधी अर्धा तास द्या. वायर कुणी तुडवली ते बघू." त्याला झोप आली होती, पण नाही म्हणाला नाही. त्या पोराला मी शेजारी उभं केलं. मीटर त्याच्याच हातात दिला.

कुठून सुरू करायचं? सगळे लाईट खोलत बसलात तर सकाळ होते. पहिला प्रश्न एकच, शेवटचा शहाणा लाईट कुठला आणि पहिला वेडा कुठला? चार नंबरपर्यंत सगळे शहाणे, पाचपासून वेडे. म्हणजे दोष चारचं आउट, पाचचं इन, नाहीतर मधली वायर, या तीनांतच. असं स्पष्ट दिसत नसेल तर साखळी मधोमध तोडा. अर्धी ठीक चालली तर दोष उरलेल्या अर्ध्यात. पुन्हा त्याचे अर्धे. सोळा लाईट असले तरी चार वेळा तोडलं की जागा सापडते. एखाद्या लाईटवरच संशय असेल तर त्याला साखळीतून वगळा. त्याच्यात येणाऱ्या वायरीचं टोक फिमेल असतं आणि निघणाऱ्याचं मेल, दोन्ही एकमेकांतच खुपसा. तो लाईट बाजूला पडला आणि पुढचे सुधारले तर वायर निर्दोष.

आम्ही चार आणि पाचच्या मधली वायर काढून खात्रीची दुसरी लावली. पार शांत झाले, सगळे निळे. मग काढलेली वायर तपासली. तिच्या फिमेल टोकाला टर्मिनेटर खुपसला आणि मेल टोकाला दोन आणि तीनवर मीटर. चांगली वायर असेल तर १२० च्या आसपास आकडा येतो. शून्याजवळ आला तर आत शॉर्ट. काहीच आलं नाही तर कुठंतरी तुटलेली. आमचा आकडा यायचा, जायचा, यायचा. पोरानं प्लगच्या मुळाशी वायर हलवली, गेला. परत हलवली, आला. स्क्रू काढून प्लग उघडला. दोन नंबरच्या पिनवरचं सोल्डर करडं, खडबडीत, तार नुसती टेकून उभी. ड्राय जॉइंट. नीट सोल्डर चकचकीत असतं, ते तुडवून करडं होत नाही. ते करतानाच घाईत केलेलं असतं, दुकानात, टेबलावर. वायरीवर छापलेलं वाचलं तर ती माईकची निघाली.

मूव्हिंग हेड तरी मध्येच मान झटकतच होता. बोर्डापाशी बघितलं तर वाय-जोड. एक फाटा पारकडं, एक हेडकडं. तो काढला, बाराव्या पारमधून हेड साखळीत घेतले, शेवटच्या हेडला टर्मिनेटर लावला. झालं. पंधरा मिनिटं नुसते बघत उभे राहिलो. एकही लाईट हलला नाही.

लाईटवाला बराच वेळ त्या उघड्या प्लगकडं बघत होता. वाईट माणूस नाही तो, त्याच्यावरही कर्ज आहे, लाईट हप्त्यावर आहेत. पाचशे रुपये त्यानं पोराला तिथंच दिले. उरलेले पाचशे अजून यायचे आहेत.

दोन शब्द जिवाबद्दल. हे नीट ऐका, बाकीचं विसरलात तरी चालेल. डीएमएक्सच्या वायरीत थोडे व्होल्ट असतात, त्यानं माणूस मरत नाही. पण मंडपात काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. प्लग तोडून टाकलेला, वायर सोलून सॉकेटात घातलेली, वर आगकाडी खोचलेली. अर्थिंगची हिरवी तार कापून मागं वळवलेली. अशा लाईटच्या आत फेजची तार पत्र्याला टेकली की सगळा पत्रा २३० व्होल्टचा. पत्र्यावरून ट्रस. आणि कंट्रोल वायरीच्या जाळीवरून, प्लगच्या लोखंडावरून थेट बोर्डावर बसलेल्या माणसाच्या बोटांत. वायर जोडताना हाताला मुंग्या आल्या तर 'थोडं मारतंय' म्हणून हसायचं नाही. हात काढा, जनरेटर बंद करायला लावा, मगच शोधा. त्यात मार्च-एप्रिलचा अवकाळी पाऊस आणि ओली गवताची जमीन. जत्रांचे दिवस तेच.

काही लाईटवाले थरथर घालवायला मुद्दाम अर्थिंग काढतात. बोर्ड एका लाईनवर, लाईट जनरेटरवर, दोघांच्या अर्थिंगमध्ये फरक, म्हणून गोंगाट. अर्थिंग काढलं की थरथर कधी कधी जातेही. त्यावर खरा इलाज ऑप्टो स्प्लिटर आहे. अर्थिंग कुणी काढायला सांगितलं तर स्टेजवरून खाली उतरा. ३० मिलिअँपचा आरसीसीबी लावलाय का ते भाडं ठरवतानाच विचारा. बंदरात थंड कंटेनरचे प्लग लावायच्या आधी आम्हाला पहिलं विचारतात, स्विच बंद आहे का? साहेबाला आमची फार काळजी आहे असं नाही, माणूस मेला की जहाज अडकतं. स्टेज मात्र अडकत नाही. दुसरा पोरगा उभा राहतो.

आणि फटाके, डोक्यावर वर-खाली होणारं काही, हे डीएमएक्सवर चालवायचं नाही. मी मघा म्हटलं, या भाषेत चूक ओळखायची सोय नाही. हुकूम बिघडून पोहोचला तरी लाईट तो खरा मानतो. पार लाल झाला तर लोक हसतील. फटाका भलत्या वेळी उडाला तर पोरगं भाजेल. धोक्याच्या कामाला ही पद्धत वापरू नका, हे मानकातच सांगितलेलं आहे.

तुमच्यातले काही जण शॉर्ट फिल्म करतात. चांगलं आहे. नागराज मंजुळ्यांनी नगरच्याच न्यू आर्ट्‌स कॉलेजात शिकताना 'पिस्तुल्या' केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे तुम्हाला ठाऊक असेल. फिल्मवाल्यांसाठी एकच सांगतो. डोळ्याला उजेड स्थिर दिसतो आणि कॅमेऱ्यात काळे पट्टे धावतात, तर वायरीला हात लावू नका. एलईडी डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगानं बंद-चालू होतो आणि कॅमेऱ्याचं शटर त्याच्याशी जुळत नाही. आपली वीज पन्नास हर्ट्झची आहे, आधी शटर पन्नासावर नाहीतर शंभरावर आणून बघा. तरी राहिले तर तो लाईटच शूटिंगच्या लायकीचा नाही.

कुणी म्हणेल, एवढं सगळं स्वस्त भाड्याच्या लाईटवर कशाला? कलकत्त्याचे तापस सेन होते. १९५९ साली उत्पल दत्तांच्या 'अंगार' नाटकात त्यांनी रंगमंचावर कोळशाची खाण पाण्यानं भरून दाखवली, आत मजूर अडकलेले. पाण्याचा थेंब नाही, सगळा उजेड. तेव्हा डीएमएक्स जन्मालाही आलं नव्हतं. साधनं साधीच होती, पण त्यातलं प्रत्येक काय करतं हे त्या माणसाला ठाऊक होतं.

वायर सांभाळायचं सांगून थांबतो. कोपर आणि पंजा यांच्यात गुंडाळायची सवय सोडा, त्यानं आतला पीळ मोडतो. एक वेढा सरळ, दुसरा आतून उलटा, म्हणजे सोडताना गाठ पडत नाही. ते हातानंच दाखवावं लागेल, दाखवतो. पॉवरच्या वायरीला खेटून कंट्रोल वायर नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. उघड्या मैदानावर तिच्यावरून उसाची ट्रॉली जाणार असेल तर दोन फळ्यांमधून न्या, नाहीतर वर बांबूला टांगा. तुडवून वायर खराब होत नाही असं मी म्हणत नाही. होते. पण आधी मीटर लावा, मग नाव घ्या. प्लग ओढताना वायर धरून ओढू नका, प्लग धरा. आणि प्रत्येक वायरीला नंबर द्या, एक वही करा. कुठली वायर कधी तपासली, कोणी तपासली, काय निघालं, ते लिहा. खाली सही करा. पुढच्या वेळी कुणी कुणावर ओरडलं तर वही पुढं करायची.

ही वही मी आणलीय, पानं कोरी आहेत. टेबलावर आपल्या पेटीतल्या चौदा वायरी आहेत, त्यांतल्या तीन मी काल रात्री मुद्दाम बिघडवल्यात. एकीत दोन नंबर सुटा आहे, एकीत दोन आणि तीन चिकटलेत. तिसरीत काय केलंय ते सांगत नाही. तिघा-तिघांचे गट करा. पोरींनो, तुम्ही मागं का उभ्या? मीटर आधी तुमच्याकडं. सोल्डरिंग गन तापलीय, जपून. खिडकी उघडा कुणीतरी, धूर होईल.